पिकअपला एक्झॉस्ट ब्रेक बसवायचाय: कोणता घेऊ, कुठे लावू?

वाडीवाला_पिकअप | गुरुवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची, अडीच लिटरची डिझेल पिकअप, टर्बोवाली, बीएस-४. राहतो नागपूरजवळच्या वाडीत. आठवड्यातून तीनदा छिंदवाडा. जाताना किराणा आणि प्लास्टिकचं सामान, येताना फुलकोबी, पत्ताकोबी, कधी मका. उजाडायच्या आत कॉटन मार्केटला लागायचं म्हणून तिकडून रात्री एक-दीडला निघतो.

परवा मंगळवारी भरल्या गाडीने छिंदवाड्याच्या वाटेवरचा सिल्लेवानीचा घाट उतरत होतो. एका वळणावर ब्रेकचं पेडल निम्म्यापर्यंत गेलं, पुढच्या वळणावर थेट तळाला. पंप मारून काही येईना. हँडब्रेक ओढला, खडखड करत दुसरा टाकला आणि डावीकडच्या मातीच्या बांधाला टायर घासत गाडी थांबवली. उतरून पाहिलं तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर आणि रबरी चप्पल जळाल्यासारखा वास. कोबीची चार पोती केबिनच्या टपावर आली होती. वीस-पंचवीस मिनिटं तिथेच बसून होतो. मग पेडल दाबून पाहिलं तर जसंच्या तसं कडक, जणू काही झालंच नाही.

तेव्हापासून ठरवलंय, एक्झॉस्ट ब्रेक बसवायचा, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनकडूनच गाडी रोखणारा. नागपुरात घाट रोडवर एका मिस्त्रीकडे दोन प्रकार पाहिले. एक जुना, हलक्या ट्रकचा उतरवलेला, व्हॅक्यूमवर चालणारा, बसवून साडेसहा हजार. दुसरा नवा, इलेक्ट्रिक मोटरवाला, अठरा हजार. पहिल्यासाठी हजार रुपये बयाणा देऊन आलोय. कोणता घेऊ, आणि पायपावर नेमका कुठे लावायचा? कोणी आपल्या पिकअपला लावलाय का?

तर्री_पोहे | गुरुवार, रात्री ९.५२

घाट रोडवर घाटाचा ब्रेक. तिथला घाट मोक्षधामाचा आहे भाऊ, जरा सांभाळून.

नाना_कामठी | गुरुवार, रात्री १०.०५

अबे बाप्पा, तू वाचला हेच लय झालं. पन मले एक सांग, घाट कोन्त्या गेअरमधी उतरून राह्यला होता? खरं सांगजो.

वाडीवाला_पिकअप | गुरुवार, रात्री १०.११

नाना, चौथ्यात. आणि मधल्या सरळ उतारावर थोडा वेळ न्यूट्रल. डिझेल वाचतं म्हणून.

नाना_कामठी | गुरुवार, रात्री १०.१३

हे पाह्य. म्हनून इचारलं.

डबल_क्लच | गुरुवार, रात्री १०.३०

न्यूट्रलने डिझेल वाचतं हा समज जुन्या पंपाच्या गाड्यांपासून चालत आलाय. तुझी गाडी कॉमन रेलची आहे, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. गेअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला की संगणक इंजेक्टर बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल शून्य लागतं. न्यूट्रल केलं की इंजिनला आयडलवर जिवंत राहायला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे तू जास्त डिझेल जाळून ब्रेकही जाळले.

आता एक्झॉस्ट ब्रेकबद्दल. पेट्रोल गाडी पाय काढला की आपोआप ओढून धरते, कारण तिचा थ्रॉटल बंद होतो आणि इंजिनला हवा मिळत नाही. डिझेलला तसा थ्रॉटल अडवत नाही. हवा आत येते, दाबली जाते आणि त्याच दाबाने पिस्टनला परत खाली ढकलते. घेतलं तेवढं परत दिलं, म्हणून डिझेल उतारावर मोकळं सुटल्यासारखं वाटतं. एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या पायपात बसवलेली चकती, बटरफ्लाय. ती बंद झाली की धुराड्याची वाट अडते, मागे दाब साचतो आणि प्रत्येक पिस्टनला आपली हवा त्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलावी लागते. ती मेहनत म्हणजेच ब्रेक. तो मागच्या चाकांना गेअरबॉक्समधून मिळतो, लायनर किंवा पॅड झिजत नाही.

वाडीवाला_पिकअप | गुरुवार, रात्री १०.३८

म्हणजे कामाची वस्तू आहे ना?

डबल_क्लच | गुरुवार, रात्री १०.४१

मोठ्या ट्रकला नक्कीच. तुझ्या अडीच लिटरला किती, ते हिशोब करून सांगतो. उद्या.

मिस्त्री_घाटरोड | शुक्रवार, सकाळी ७.२०

मी स्वतः घाट रोडवालाच आहे, बत्तीस वर्षं झाली, पण तो बयाणा घेणारा मी नाही, हे आधी सांगतो.

ट्रकला हा ब्रेक हवेवर चालतो. तिथे एअर ब्रेकची टाकी असते, त्यातली थोडी हवा एका लहान सिलेंडरला दिली की चकती बंद. पिकअपला हवेची टाकी नाही, व्हॅक्यूम आहे. म्हणून तुला व्हॅक्यूमवाला दाखवला. आता नीट ऐक. ते व्हॅक्यूम कुठून येते? इंजिनच्या व्हॅक्यूम पंपावरून, आणि त्यावरच तुझा ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारा डबा, चालतो. बरेच जण बूस्टरच्या नळीला टी मारून मोकळे होतात. त्या टीची नळी उष्णतेने तडकली की बूस्टरचं व्हॅक्यूम गेलं, पेडल दगडासारखं होतं. घाटात ब्रेक वाढवायला गेलास आणि आहे तोही गमावलास. माझ्याकडे अशी एक गाडी दोरीने ओढून आली होती. व्हॅक्यूमवालाच लावायचा असेल तर वेगळी छोटी टाकी आणि मध्ये एकेरी व्हॉल्व्ह पाहिजेच. त्यापेक्षा इलेक्ट्रिक महाग पण बूस्टरच्या वाटेला जात नाही.

दुसरं, जुना उतरवलेला घेऊ नको. चकतीच्या दांड्याला ढिलाई असते, वर कार्बन बसलेला असतो. अर्ध्यात अडकला की गाडी ओढतच नाही, काळा धूर मारते आणि टर्बो लाल होतो.

तर्री_पोहे | शुक्रवार, सकाळी ८.४५

मिस्त्री, पोहे खाऊन लिहिलं की उपाशीपोटी? एवढ्या सकाळी एवढं शहाणपण.

मिस्त्री_घाटरोड | शुक्रवार, सकाळी ८.५०

दोन प्लेट, वरून तर्री.

डबल_क्लच | शुक्रवार, दुपारी १.१५

हा घ्या हिशोब. गाडी मालासकट ३ टन धरली, उतार शंभर मीटरला ६ मीटर, वेग ताशी ३०. गुरुत्वाकर्षण गाडीला साधारण १५ किलोवॅटने खाली ढकलतं. टायर आणि वाऱ्याचा विरोध ३ खातो. उरले १२. हे बारा कुणीतरी गिळले पाहिजेत. फक्त ब्रेकने उतरलात तर हजार वॅटच्या बारा इस्त्र्या तुमच्या चाकांत सतत चालू आहेत असं समजा.

दुसऱ्या गेअरमध्ये ताशी ३० ला इंजिन सव्वादोन हजार आरपीएमच्या आसपास फिरतं. अडीच लिटरचं इंजिन नुसत्या आपल्या घर्षणाने साडेपाच किलोवॅट खातं. एक्झॉस्ट ब्रेकने २ बार दाब धरला तर आणखी ९. बेरीज साडेचौदा, म्हणजे पेडलला पाय लावायची गरज नाही. तीच गाडी चौथ्यात असेल तर इंजिन हजारावर, आणि हे दोन्ही मिळून साडेसहाच. थोडक्यात, एक्झॉस्ट ब्रेक लावूनही चौथ्यात उतरलास तर उपयोग जवळपास तेवढाच, जेवढा आत्ता न लावता दुसऱ्यात उतरलास तर होतो.

आणि माल अडीच टन भरलास तर ते बाराचे सतरा होतात. किती भरतोस?

वाडीवाला_पिकअप | शुक्रवार, दुपारी १.४०

पुढचा प्रश्न.

नाना_कामठी | शुक्रवार, दुपारी १.४२

हाव न बे, समजलं.

मिस्त्री_घाटरोड | शुक्रवार, दुपारी ३.०५

हिशोब छान आहे साहेब, पण तो २ बार दाब तुम्ही कागदावर धरला, माणसाला तो गाडीत धरायचा आहे. कंपनीने एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा किती ताकदीच्या दिल्यात ते पाहावं लागतं. मागचा दाब फार झाला की एका सिलेंडरचा दाब दुसऱ्याचा बंद व्हॉल्व्ह उघडतो, तो सीटवर आपटत राहतो. म्हणून चांगल्या बटरफ्लायला मध्ये एक ठरलेल्या मापाचं भोक असतं, जास्तीचा दाब त्यातून निघून जातो. लोकल मध्ये ते भोक कुणी ड्रिलने अंदाजे पाडलेलं असतं. शिवाय बीएस-४ ला ईजीआर आहे, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. धुराडं बंद आणि ईजीआर उघडा, म्हणजे सगळा दाबलेला धूर उलटा इनटेकमध्ये. कंपनीच्या गाडीत संगणक दोघांना जुळवून घेतो, बाहेरून लावलेल्याला ते माहीत नसतं.

डबल_क्लच | शुक्रवार, दुपारी ३.२०

मान्य. ईजीआर माझ्या डोक्यात आला नव्हता.

मंगला_काटोल | शुक्रवार, संध्याकाळी ६.१०

मी एक वेगळी गोष्ट सांगते. आमची संत्र्याची बाग आहे, पिकअप मी स्वतः चालवते. माझ्या दिराच्या हलक्या ट्रकला कंपनीचाच एक्झॉस्ट ब्रेक आहे. दोन वर्षांमागे पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याला माल टाकून तो रिकामा उतरत होता. ओला रस्ता, वर पानांचा चिखल. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण चालूच होतं. वळणावर एक्सलरेटर सोडला आणि मागचं ढुंगण सरळ बाहेर गेलं. हा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर येतो, आणि रिकाम्या गाडीचं मागचं वजनच नसतं. कठडा होता म्हणून वाचला. आता तो पावसात रिकामा असताना बटण बंद ठेवतो.

भाऊ, तुम्ही जाताना किराणा नेता, पण कधी रिकामे येत असाल तर हे लक्षात ठेवा.

इंजिनाची_गोष्ट | शुक्रवार, रात्री ८.३०

विषय निघालाच आहे तर. क्लेसी कमिन्स, ज्यांच्या नावाची इंजिनं आपल्या ट्रकांत आहेत, ते १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन अमेरिका ओलांडायला निघाले होते. कॅलिफोर्नियात काहोन पासचा लांब उतार उतरताना ब्रेक गेले आणि खाली रेल्वे फाटकातून मालगाडी जात होती. गाडीचा शेवटचा डबा गेला आणि ट्रक थोडक्यात निसटला. ती भीती त्यांनी पुढची पंचवीस-तीस वर्षं डोक्यात ठेवली आणि कॉम्प्रेशन रिलीज ब्रेक काढला. तो १९६१ पासून जेकब्स कंपनी विकू लागली, म्हणून जेक ब्रेक. त्यात धुराडं अडवत नाहीत, दाबलेली हवा ऐन वेळी व्हॉल्व्ह उघडून सोडून देतात, म्हणजे पिस्टनला परत ढकलायला ती उरतच नाही. ताकद एक्झॉस्ट ब्रेकपेक्षा खूप जास्त, पण आवाज मशीनगनसारखा.

तर्री_पोहे | शुक्रवार, रात्री ८.३४

म्हणजे कमिन्ससाहेबही सिल्लेवानीतूनच गेले होते म्हणा.

निवृत्त_फाईलवाला | शुक्रवार, रात्री ९.१५

कोरडी गोष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाने नियमाबाहेर फेरबदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यात कोणी बोनेट उघडून पाहत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकला, तर तो पहिल्यांदा परका पार्टच पाहील.

बीएस-६ वाल्यांनी तर विचारच करू नये. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत त्याच पायपात काजळीची जाळी, तापमान आणि दाबाचे सेन्सर असतात. मध्ये चकती बसवली की डॅशबोर्ड दिवाळीसारखा पेटतो.

विदर्भ_एक्स्प्रेस | शुक्रवार, रात्री ११.००

पण ज्याला लावायचाच आहे त्याला कोणीतरी सांगा की कुठे लावायचा. धागा तोच आहे ना? मी माझ्या २०१५ च्या पिकअपला लावलाय, इलेक्ट्रिक, पाच वर्षं झाली, म्हणून लिहितो.

टर्बोच्या बाहेर जो पहिला सरळ तुकडा येतो तिथे. त्यापुढे जाळीची लवचिक नळी असते, ब्रेक तिच्या आधीच पाहिजे. नंतर लावला तर सगळा दाब त्या नळीवर येतो आणि ती फाटते. माझी पहिल्या महिन्यातच फाटली, कारण मिस्त्रीला सायलेन्सरजवळ हात घालायला सोपं जात होतं. जितकं लांब लावाल तितके मधले जोड जास्त आणि दाब साचायला उशीर.

पण टर्बोजवळ लावलं की वजन टर्बोच्या फ्लँजवर लटकतं. त्याला आधाराची पट्टी हवी, आणि ती इंजिनच्या ब्लॉकवर हवी, चेसिसवर नाही. इंजिन आपल्या रबरांवर हलतं, चेसिस हलत नाही. चेसिसला बांधलेली पट्टी पाइप तोडूनच राहते. हीसुद्धा माझ्या खिशातून शिकलेली गोष्ट आहे, वेल्डिंगचे अडीचशे तीनदा दिले.

गॅस्केट पत्र्याचंच घ्या, कागदीवालं आठ दिवसात उडतं. ब्रेकचा पाइप आणि वायरिंग हातभर लांब ठेवा, नाहीतर मध्ये पत्रा लावा.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी. एक्सलरेटरवर पाय असला की बंद. क्लच दाबला की बंद. आणि इंजिन हजाराखाली गेलं की बंद, नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडते. माझ्या मिस्त्रीने क्लचचा स्विच लावलाच नव्हता. व्हेरायटी चौकात मागच्या लोकांनी मला जे काही म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

आणि रोज एकदा तरी वापरा, सपाटीवर का असेना. महिनाभर पडून राहिला की कार्बनने चिकटतो आणि घाटात बटण दाबल्यावर काहीच होत नाही.

वाडीवाला_पिकअप | शनिवार, सकाळी ६.३०

दादा, हेच पाहिजे होतं. धन्यवाद. तुम्हाला फरक किती वाटला?

विदर्भ_एक्स्प्रेस | शनिवार, सकाळी ७.१५

दुसऱ्या-तिसऱ्यात चांगला. पुढचे पॅड आधी वर्षात जायचे, आता दोन वर्षं काढतात. पण खरं सांगू? त्यातलं निम्मं श्रेय मी दुसऱ्यात उतरायला लागलो त्याला आहे. डबल क्लचचा हिशोब पाहिल्यावर जरा वाईटच वाटलं.

मिस्त्री_घाटरोड | शनिवार, सकाळी ७.४०

वाडीवाल्या, तुझी पहिली पोस्ट परत वाचली आणि मी स्वतःलाच शिव्या दिल्या. सगळे एक्झॉस्टवर बोलून राहिले, ब्रेकला कोणी विचारलंच नाही.

पेडल तळाला गेलं आणि वीस मिनिटांनी परत आलं, असं लिहिलंस. पॅड-लायनर तापून बसले असते तर पेडल कडक राहून गाडी थांबली नसती. तळाला जाणं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. ऑइल हवेतलं पाणी ओढत राहतं. नवं डॉट-३ २०५ अंशाला उकळतं, पाणी प्यायलेलं १४० लाच. शेवटचं ऑइल कधी बदललं?

आणि धूर फक्त पुढच्या चाकांतून होता? मागे हात लावून पाहिला होता का?

वाडीवाला_पिकअप | शनिवार, सकाळी ८.०२

ऑइल बदललेलं आठवत नाही, फक्त वरून टाकत आलो. मागचे ड्रम... हो, हात लावला होता. कोमट होते. तेव्हा वाटलं, बरं झालं, मागचे तरी चांगले आहेत.

मिस्त्री_घाटरोड | शनिवार, सकाळी ८.०५

मागचे चांगले नाहीत, मागचे काम करतच नाहीत! मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवलेत का?

वाडीवाला_पिकअप | शनिवार, सकाळी ८.०९

दोन्हीकडे एकेक. तीन वर्षं झाली.

मिस्त्री_घाटरोड | शनिवार, सकाळी ८.२५

गाडीखाली जा. मागच्या एक्सलच्या वर, चेसिसला एक व्हॉल्व्ह असतो, त्यातून एक दांडी एक्सलला येते. लोड व्हॉल्व्ह म्हणतो आम्ही. माल भरला की चेसिस खाली बसतं, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असेल तर कमी सोडतो, मागची चाकं जाम होऊ नयेत म्हणून. पाटे वाढवले की भरलेली गाडीही उंचच राहते. व्हॉल्व्हला वाटतं रिकामी आहे. मग सगळा घाट पुढच्या दोन डिस्कवर.

वाडीवाला_पिकअप | शनिवार, रात्री ९.५०

मंडळी, मी गाडीखाली गेलो. मोबाइलच्या उजेडात पाहिलं. दांडी एक्सलला लागलेलीच नाही. पाटे टाकले तेव्हा ती पुरेना झाली असावी, म्हणून कोणीतरी ती सोडवून, रिकाम्या गाडीच्याच जागी, चेसिसला तारेने बांधलीय. साधी बांधकामाची तार, तीन वेढे, टोक नीट आत वळवलेलं. इतकी नीटनेटकी की मला आधी वाटलं कंपनीनेच तशी दिली असेल. तीन वर्षं मी दोन चाकांच्या ब्रेकवर सिल्लेवानी उतरतोय.

नाना_कामठी | शनिवार, रात्री १०.०२

अरे देवा.

मंगला_काटोल | शनिवार, रात्री १०.१०

आमचीही पाहायला लावते उद्या. पाटे आम्हीही टाकलेत.

वाडीवाला_पिकअप | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ७.००

अपडेट. वाढवलेले पाटे काढले. दांडी नवी टाकून मापाने सेट केली. मागच्या एका चाकाचा व्हील सिलेंडर गळत होता, तो बदलला. ब्रेक ऑइल पूर्ण काढलं, चहासारखं निघालं, चांगल्या उकळलेल्या. डॉट-४ भरलं. पुढचे पॅड नवे, डिस्क घासून घेतल्या. सगळं मिळून साडेनऊ हजार.

बुधवारी रात्री दीड टनाच्या आत माल भरून, वरपासून खालपर्यंत दुसऱ्यात उतरलो. एकाने मागून हॉर्न मारून मारून डोकं खाल्लं, जाऊ दिला पुढे. खाली थांबून चारही चाकांना हात लावला. पुढची गरम, मागचीही गरम. मागचा ड्रम गरम लागला म्हणून एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

एक्झॉस्ट ब्रेकचं सध्या थांबवलंय. बयाणा मात्र तो परत द्यायला तयार नाही, वस्तू घेऊन जा म्हणतो. कोणाला हवाय का?

विदर्भ_एक्स्प्रेस | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ७.२०

माझ्या मेहुण्याच्या जुन्या टाटा ४०७ ट्रकला पाहतो. भोक किती इंचाचं आहे?

वाडीवाला_पिकअप | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ७.३१

पायपाचं की चकतीतलं? पायपाचं अडीच. चकतीतलं त्याने ड्रिलने पाडलंय, मोजलं नाही.

मिस्त्री_घाटरोड | पुढचा शुक्रवार, संध्याकाळी ७.३३

मेहुण्याशी भांडण आहे का?